मागं फिरणारं चाक

"चाक मागं फिरवलं की दोरा तुटतंय. एवढं तर तुमाला ठाऊक हाय नव्हे, श्रीधरण्णा? मग माझा डिटेक्टिव्ह मागच्या काळात जाऊन कशाला हात लावंल? हात लावला की दोरा तुटला. दोरा तुटला की परत आजच्या चिकपेटेत येऊन पडला, धप्पदिशी. त्यानं बघायचं तेवढं. उचलायचं न्हाई, बोलायचं न्हाई."

"मग चोर शोधतो कसा रे?"

"डोळ्यानं."

"डोळ्यानं!" श्रीधररावांनी कापडाच्या गठ्ठ्यावर बूड टेकलं आणि धोतराचा सोगा आवरला. "बरं. त्याच्या डोळ्याला एक गोरा सोल्जर दिसू दे की मग. तुझं काय बिघडतं?"

सूर्यकांतचा पाय पायडलवर थांबला. "कसला सोल्जर?"

"प्लेगातला. घरं तपासायला यायचे नव्हे? त्यातला एक शिरला, पेटी उघडली, नथ खिशात घातली, गेला बोटीनं. आता त्याला विचारायला विलायतेला कोण जातंय? पुढच्या रविवारी तेवढं वाच. पंचांशी बोललोय मी. तू सोल्जर लिही, अष्टमीला तुझी चिंधी पोतात घेतो. सरी? कबूल?"

मशीनचं चाक सूर्यकांतनं हातानं उगाच अर्धं फिरवलं. पुढच्या बाजूला.

हे बोलणं झालं ते बेंगळुरात कब्बनपेटेतल्या एका बोळात, सूर्या टेलर्स या दुकानात, शहाण्णव सालच्या भादव्यात. दुकान म्हणजे एक मशीन, एक फळी, आणि गिऱ्हाईक आत आलं की शिंप्याच्या गुडघ्याला गुडघा लागावा एवढी जागा. श्रीधरराव जरीचे व्यापारी, शिंपी आळीचे पंच. त्यांच्या तोंडून 'चिंधी घेतो' असं निघणं ही केवढी गोष्ट, ते कळायला आधी पोत कळला पाहिजे.

आमच्या मुलखात गोंधळी आपला पोत, म्हणजे चिंध्यांची मशाल, आपण वळून आणतो. देवीपुढं पेटता नाचवायचा, त्यात त्याला कुणाची भागीदारी नको असते. बेंगळुरातल्या या आळीत तसं नाही. तिथं पोत साऱ्या आळीचा. नवरात्रातल्या अष्टमीला दुपारी दर घरातनं नव्या सुती कापडाची एक चिंधी येते. मालोजी गोंधळी देवळाच्या पडवीत मांडी ठोकून बसतो, एकेक चिंधी पिळतो, काठीवर वळतो, तेल पाजतो आणि दिवेलागणीला पेटवतो. ज्याची चिंधी पोतात, तो आळीतला. ज्याची नाही, तो नुसता राहणारा.

आणि चिंधी सुतीच लागते. एका वर्षी कुण्या शहाण्यानं टेरिकॉटची पट्टी आणली होती. पोत पेटला तशी ती वितळली आणि जळते थेंब मालोजीच्या मनगटावर पडले. तेव्हापासून मालोजी दर चिंधीचं टोक काडीनं पेटवून बघतो. राख झाली तर घेतो, काळी गोळी झाली तर तोंडावर फेकतो. वर विचारतो, "शिंप्याच्या घरात सूत सापडंना व्हय रे? मग काय, मी तुमच्या घरी चरखा आणून देऊ?"

सूर्यकांतच्या घरची चिंधी मात्र मालोजीच्या काडीपर्यंत कधी पोचलीच नव्हती. पणज्यापासून.

पणजा पिराजी. अठराशे अठ्ठ्याण्णवच्या प्लेगात आळी रिकामी करून माणसं गावाबाहेर तट्ट्याच्या खोपटांत राहायला गेली. देवीचे दागिने एका लाकडी पेटीत घालून पिराजीच्या हवाली केले, कारण पिराजी वाकडं पाऊल न टाकणारा माणूस. साथ सरली, माणसं परतली, पेटी उघडली. पुतळ्या होत्या, मुकुट होता. नथ नव्हती. कुलूप शाबूत. किल्ली पिराजीच्या करदोट्याला.

"नथ कुठं?" पंचांनी विचारलं.

"ठाऊक नाही," पिराजी म्हणाला. पुढं मरेपर्यंत दुसरं अक्षर बोलला नाही.

तेव्हापासून दर अष्टमीला एक खेळ चालतो, खेळ म्हणायचा झाला तर. पिराजीच्या घरचा कर्ता चिंधी घेऊन पडवीत जातो. पंच विचारतात, "पिराजीच्या घरा, नथ कुठं?" कर्ता म्हणतो, "आम्हाला ठाऊक नाही." पंच चिंधी परत हातात देतात. मग सगळे एका पंगतीला जेवायला बसतात. वाढण्यात दुजाभाव नाही, मयताला खांदा देण्यातही नाही. चिंधी तेवढी परत. सूर्यकांतचा बाप हे 'ठाऊक नाही' अशा आवाजात म्हणायचा की देवळावरची कबुतरं उडायची. सूर्यकांतचा आवाज तेवढा नव्हता. तो हळू म्हणायचा, पण मान ताठ ठेवून.

बाकी माणूस साधा. पन्नाशीचा, बारीक, कानामागं खडू. शाळा कन्नड, घरात मराठी, तीही अशी की पुण्याचा माणूस दोनदा विचारील. सोलापूरच्या मामाकडनं रद्दीच्या गठ्ठ्यात रहस्यकथा यायच्या, त्या वाचून त्याचं मराठी वाचन झालं. पोरगा प्रदीपकुमार लग्न करून जे. पी. नगरात वेगळा राहायला गेला होता आणि बापाच्या दुकानात रेडीमेड शर्ट घालून यायचा. बाप त्या शर्टाची कॉलर उलटी करून शिवण बघायचा आणि काही न बोलता सोडून द्यायचा. रेडीमेडनं धंदा खाल्ला होता. दुपारी मशीन रिकामं राहू लागलं, तशी सूर्यकांतनं कादंबरी लिहायला घेतली.

लिहिली ती बेतणीच्या खाकी कागदांवर. जुने नमुने पडून होते, बाह्यांचे, पाठींचे, कॉलरींचे. त्यांच्या मागच्या बाजूला. त्यामुळं पहिलं प्रकरण बाहीच्या आकाराचं, दुसरं पाठीच्या. कादंबरीतला निहार डिटेक्टिव्ह आजच्या काळातला, बेंगळुरातलाच. पणज्याच्या शिवणयंत्रावर बसतो, चाक उलटं फिरवतो आणि थेट प्लेगाच्या सालात जाऊन उतरतो. टेरिकॉटची पँट घालून. तिथली माणसं त्याच्या पँटीकडं बघून म्हणतात, हा कुठला सरदार, याच्या कापडाला घडीच पडत नाही!

हे प्रकरण त्यानं श्रावणात देवळाच्या सभागृहात वाचलं. हसता हसता माणसं पडली. पुढच्या रविवारी पुन्हा वाच म्हणाली. मग दर रविवारी. आणि हळूहळू हसणं कमी झालं. खोपटांची रांग, चुन्यानं दारावर मारलेली फुली, उंदीर पडला की घर सोडून पळणारी माणसं, आणि आजारी माणसाला उचलून नेऊन ठेवायचं ते कुंपणाआडचं छप्पर, जिथनं परत आलेलं कुणी कुणाला आठवत नव्हतं. हे सगळं तो असं वाचायचा की बायका पदर तोंडात धरून बसायच्या. एकदा तर मागनं एक म्हातारा ओरडला, "अरे ए निहार, पेटीच्या बुडाखाली बघ की!"

हे बारकावे त्याला मिळाले आईकडनं. शारदाबाई सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी बसल्या जागी धरून ठेवलेल्या. त्यांनी ते त्यांच्या सासूकडनं ऐकलेलं, सासूनं तिच्या सासूकडनं. ती सासू म्हणजे पिराजीची बायको. सूर्यकांत रात्री जेवताना विचारायचा, अम्मा, खोपटाला दार होतं का तट्टी? पाणी कोण आणायचं? म्हातारी सांगायची. पेटी कुठं ठेवलेली, ते मात्र विचारलं की म्हणायची, "जेव आधी."

आता शेवटचं प्रकरण राहिलं होतं. चोर कोण ते.

श्रीधरराव गेल्यावर सूर्यकांतनं एक मोठा कागद पसरला आणि गोरा सोल्जर बेतायला घेतला. लाल तोंड, बुटांचा आवाज. सोल्जर खोपटात शिरला. कुलूप शाबूत राहायला हवं, म्हणजे किल्ली लागणार. किल्ली पिराजीच्या कमरेला. मग पिराजी झोपलेला असताना काढली म्हणावी, तर करदोट्याची गाठ न जागवता सुटती व्हय? आणि सोल्जर खुळा होता काय, मुकुट ठेवून नथ तेवढी न्यायला? खोडलं. दुसरा बेत काढला, शेजारच्या खोपटातला चोर. तोही मुकुट सोडून जाईना. नथ तेवढी कोण नेईल? ज्याला थोडंच पाहिजे, लगेच पाहिजे, आणि बाकीच्याला हात लावायची लाज आहे, तो.

हातातला खडू त्यानं खाली ठेवला. निहार डिटेक्टिव्ह खोपटामागं उभा होता आणि त्याला दिसत होता तो एकच माणूस.

तो तसाच उठून घरात गेला. घर दुकानाच्या मागंच. शारदाबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. प्रतिमा, त्याची बायको, चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पण तिलाही चूलच म्हणायची सवय.

"अम्मा, नथ पणज्यानं घेतली काय?"

शारदाबाईंनी हातातली शेंग पुरी सोलली. दाणे सुपात टाकले.

"कोण सांगितला?"

"कुणी न्हाई. निहारनं बघितलं."

"मेल्याला कशाला धाडलास तिकडं," म्हातारी म्हणाली. मग म्हणाली, "घेतली. त्याच्या बायकोला ताप आला म्हणून उचलून नेली होती त्या छपरात. पहाऱ्यावरच्या शिपायाला दिलं की मागच्या बाजूनं माणूस सोडत होता. हा रिकामा. घरात एक सुई न्हाई, सगळं जाळून टाकलं होतं. नथ मोडली. सोनारानं लुबाडलं, शिपायानं लुबाडलं, पण बाई बाहेर आली. तिला प्लेग नव्हताच म्हणे, साधा ताप. तिथं राहती तर लागला असता."

"आणि मग?"

"मग काय? जगली. तुझा आजा त्यानंतर दोन वर्षांनी झाला. दर वर्षी विचारतात नव्हे, नथ कुठं म्हणून? नथ हितं बसून मशीन मारतिया." तिनं त्याच्याकडं बोट केलं आणि पुन्हा शेंग घेतली.

सूर्यकांत भिंतीला टेकला. "बाबाला ठाऊक होतं?"

"त्याला कोण सांगतंय? पंचांपुढं उभं राहून न्हाई म्हणायचं असतंय ते गड्यानं. ठाऊक असल्यावर न्हाई म्हटलं तर जीभ अडती. ठाऊक नसल्यावर कबुतरं उडतात. म्हणून आमी बायकांनी ठेवलं. सासूनं सुनेला सांगायचं, देव्हारा हातात देताना. गड्याला न्हाई."

सूर्यकांतनं मान वळवली. प्रतिमा भाताच्या भांड्यावर झाकण ठेवत होती. ठेवलेलं झाकण तिनं पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

"तुला पण?"

"मला पण," ती म्हणाली. "आणि अहो, आता ऐका माझं. श्रीधरण्णा काय म्हणून गेले ते मी आतनं ऐकलंय. सोल्जर लिहा. मेलेल्या सोल्जरचं काय जातंय? लग्न होऊन आले तेव्हापासून मी दर अष्टमीला चिंधी घरातनं जाताना बघते आणि परत येताना बघते. त्या परत आलेल्या चिंध्यांची मी भांडी पुसायची फडकी केली. ते फडकं हातात घेतलं की कसं वाटतं, ते तुम्हाला कोण सांगेल? तुम्ही तर मान ताठ करून येता आणि जेवायला बसता."

"खोटं लिहू?"

"कादंबरीच हाय नव्हे? तुमचा माणूस मशीनवर बसून प्लेगात जातो, ते खरं काय?"

सूर्यकांतनं आईकडं बघितलं.

"मला विचारू नको," म्हातारी म्हणाली. "मी माझं काम केलं. गप्प राहायचं होतं, राहिले. आता तू ठाऊक असलेला गडी. या घरात असा आधी झाला न्हाई. कसं उभं राहायचं, ते तुझं तू बघ."

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सूर्यकांतनं पाठीच्या आकाराचा कागद उलगडला. वाचताना त्याचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. निहार सोनाराच्या ओट्यासमोर उभा आहे. पिराजी पंच्यात गुंडाळलेली नथ काढतो. सोनार तागडी उचलतो. निहारला हात पुढं करून ती नथ धरावीशी वाटते; धरली असती तर आळीचा अख्खा पुढचा काळ बदलला असता. पण त्याला कुंपणाआडची बाई दिसते, आणि तो हात मागं घेतो. दोरा तुटत नाही. चाक पुढं फिरवून तो परत येतो.

वाचन संपलं. कुणीतरी उगाच खोकलं. शेवटी मागच्या ओळीतनं एकजण म्हणाला, "कथाच हाय म्हणा ती," आणि माणसांना उठायला वाट सापडली.

श्रीधरराव शेवटपर्यंत थांबले. सगळे गेल्यावर जवळ आले.

"मी तुला चांगली वाट दाखवली होती, सूर्या."

"वाट चांगलीच होती, अण्णा. माझा माणूस त्या वाटेनं गेलाच न्हाई."

"हं. तर ऐक. कादंबरीत लिहिलं ते कादंबरीत. ते मी ऐकलंच न्हाई असं समजतो. अष्टमीला मी विचारणार, तू दर वर्षीचंच बोल. पुढच्या साली लोक विसरले की बघू काय करता येतं ते. पण पंचांपुढं, देवीपुढं भलतं बोललास तर मग माझ्या हातात काही राहायचं न्हाई. चोराच्या घरची चिंधी कशी घेऊ मी? मुलगा हाय तुला. उद्या नातवंडं होतील."

श्रीधरराव वाईट माणूस नव्हते. हे त्यांना खरोखरच काळजीनं सांगायचं होतं, आणि त्यांनी तसंच सांगितलं.

अष्टमीला दुपारी शारदाबाईंनी मांजरपाटाची चिंधी फाडली. चिंधी कापायची नसते, फाडायची असते, म्हणजे धागा सरळ जातो. दर वर्षी तीच फाडायची. प्रतिमा दारात उभी होती. सूर्यकांत पायात चप्पल घालत होता तेव्हा ती म्हणाली, "काय बोलणार?" तो म्हणाला, "तिथं गेल्यावर तोंडातनं काय येतंय बघू." ती आत निघून गेली.

पडवीत मालोजी बसला होता. तोंडात पान, मांडीवर काठी, शेजारी काडीपेटी. आळी जमलेली. एकेका घरची चिंधी येत होती. त्या सालची गत अशी की सुती कापड फारसं कुणाच्या घरात राहिलंच नव्हतं. चारातली एक चिंधी काळी गोळी व्हायची आणि मालोजी ती भिरकावायचा.

"ही टेरिकॉट! ही पण टेरिकॉट! अक्का, ही तर साडीची फॉल हाय गं, देवीला काय फॉल लावायचा हाय?"

हशा होत होता. मग सूर्यकांत पुढं आला आणि हशा थांबला. श्रीधरराव उठून उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला.

"पिराजीच्या घरा, नथ कुठं?"

सूर्यकांतनं मान ताठ करायला बघितली, ती होईना. तर त्यानं ती तशीच राहू दिली.

"पिराजीनं विकली," तो म्हणाला. "बायको सोडवायला. ती बाई आमची पणजी."

देवळावरची कबुतरं जागची हलली नाहीत. मालोजीच्या तोंडातल्या पानाचा आवाज तेवढा येत होता. श्रीधरराव उभेच. पुढं काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. एवढ्या वर्षांत प्रश्न विचारायचा कसा ते ठरलं होतं, चिंधी परत द्यायची कशी ते ठरलं होतं. खरं उत्तर आलं तर काय करायचं, हे कुण्या पंचानं कधी ठरवलंच नव्हतं. ते येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

"चिंधी," श्रीधरराव अखेर म्हणाले, "चिंधी खाली ठेव. दसऱ्यानंतर पंच बसतील."

सूर्यकांतनं चिंधी चटईवर ठेवली. परत दिलेली नाही, घेतलेलीही नाही, अशी ती तिथं पडली.

मालोजी वळत होता. शेवटच्या घरची चिंधी वळून झाली. त्यानं पोत हातात धरून हलवून बघितला. वरचे वेढे सैल होते. बांधायला पट्टी नव्हती. इकडं तिकडं बघितलं तर सगळ्या काळ्या गोळीवाल्या. मग त्यानं हात लांब करून चटईवरची मांजरपाटाची चिंधी उचलली, टोकाला काडी लावली, राख फुंकली.

"मालोजी," श्रीधरराव म्हणाले, "ती राहू दे. पंच बसायचे हायेत."

"बसा की," मालोजी म्हणाला. दातांत धरून त्यानं चिंधीला पीळ दिला. "दसऱ्यानंतर बसा, दिवाळीत बसा. पोत सुटा राहिला तर जाळ आज माझ्या हातावर पडणार. तुमचे पंच फुंकर घालायला येणार हायेत काय?" आणि त्यानं साऱ्या आळीच्या चिंध्यांवरनं ती चिंधी आवळून गाठ मारली. तेलाचा गडू ओढला. "सुती हाय. मला तेवढंच बघायचं असतंय."

श्रीधररावांनी तोंड देवीकडं फिरवलं. बघितलं असं म्हणावं तर बघितलं, नाही म्हणावं तर नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की सूर्यकांतच्या पाठीवर हात ठेवला नाही. दोघं-चौघं तर उठून लांब जाऊन उभे राहिले. ते पुढं कित्येक महिने त्याच्या दुकानात आले नाहीत.

सूर्यकांत रिकाम्या हातानं घरी आला. प्रतिमानं आधी त्याच्या हातांकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"घेतली?" शारदाबाईंनी विचारलं.

"मालोजीनं घेतली. पंचांनी न्हाई."

"पोताला कुठं लागली?"

"वरनं. बांधायला."

"म्हणजे आधी तीच जळणार," म्हातारी म्हणाली. मग सुनेला हाक मारली. "प्रतिमे, आता प्रदीपच्या बायकोला काय सांगायचं गं? देव्हारा देताना?"

"भाताला पाणी किती ते सांगू," प्रतिमा म्हणाली. "ते पण येत न्हाई तिला." खुंटीवरचं भांडी पुसायचं फडकं तिनं उचललं, घडी केली आणि आत घेऊन गेली.

दिवेलागणीला अजून वेळ होता. उद्या आयुधपूजा, मशीनला हळदकुंकू लागलं की दोन दिवस त्याला पाय लावायचा नाही. आणि फळीवरच्या तीन ब्लाउजांची शेवटची शिवण आणि हुक बाकी होते, बायका दसऱ्याला घालायच्या म्हणून सकाळीच हजर होणार होत्या. सूर्यकांतनं दुकानाची फळी उघडली, दिवा लावला. सुईत दोरा ओवायला तीनदा ओठाला लावावा लागला. मग त्यानं ब्लाउजची काखेची शिवण दाब्याखाली सारली, हातानं चाक पुढं ढकललं आणि पाय मारायला लागला.